यादीत न आलेले एकतीस ठोकळे

"तुमच्या यादीत बारा मार्च नावाचे चौदा ठोकळे आहेत. ते नक्की कोणते, जरा सांगाल का?"

यादीताईंचा हा फोन मी ऐकला तेव्हा मला या दुकानात लागून आठवडाही झाला नव्हता. पलीकडचा माणूस गोंधळला असावा, कारण त्या शांतपणे पुढे म्हणाल्या, "नाही नाही, तुमची चूक नाही. त्या ठोकळ्याच्या क्रमांकात मध्ये आडवी रेघ असते. तुम्ही यादी कॉम्प्युटरच्या हिशोबाच्या तक्त्यात उघडून पाहिलीत, तक्त्याला वाटलं ही तारीख आहे. त्यानं आपली तारीख करून टाकली. आता फाइल न उघडता तशीच पाठवा. पुढचं मी बघते."

आमच्या दुकानात खेळण्यातले, एकमेकांत घट्ट बसणारे ठोकळे सुटे मिळतात. मागच्या खोलीत भिंतभर छोटे ड्रॉवर आहेत, चार हजारांच्या वर. प्रत्येक ड्रॉवरवर ठोकळ्याचा क्रमांक आणि रंग. त्या साठ्याची नोंद ठेवणं हे माझं काम. बारा वर्षं ते केलं, आता निवृत्तीला थोडे महिने उरले आहेत. कॉमर्स शिकलेल्या माणसाला खेळण्याच्या दुकानात काय रस, असं मला घरच्यांनी विचारलं होतं. पण जिथं चार हजार ड्रॉवर आहेत तिथं कॉमर्सवाला लागतोच.

आमचे ग्राहक मुलं नसतात, मोठी माणसं असतात. कोणी आपली शाळा बांधतो, कोणी जहाज, कोणी मेलेला कुत्रा. आधी कॉम्प्युटरवर ठोकळ्याला ठोकळा लावून नमुना तयार करायचा, मग त्याच प्रोग्रॅममधून कोणते ठोकळे किती लागतील याची यादी काढायची आणि ती आमच्याकडे पाठवायची. आम्ही यादीप्रमाणे ठोकळे काढून देतो. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात दहातल्या नऊ याद्या पहिल्या खेपेला चुकीच्या असतात, आणि त्या दुरुस्त करायला यादीताई होत्या; नावही त्यावरूनच पडलेलं.

त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी संख्या: पडद्यावरच्या नमुन्यात जितके ठोकळे, तितकेच यादीत आहेत का. मग क्रमांक: प्रोग्रॅम एका ठोकळ्याला एक क्रमांक देतो, कारखाना दुसरा, त्यांचा मेळ बसतो का. शेवटी रंग. रंगाचं दुखणं सगळ्यांत वाईट. कारण प्रोग्रॅमला काय जातंय? तो कुठल्याही ठोकळ्याला कुठलाही रंग देतो. कारखान्यानं तो ठोकळा त्या रंगात कधी काढलाय की नाही, हे त्याला ठाऊक नसतं. माणूस सहा महिने जांभळ्या खिडक्यांचं घर बांधतो आणि मग त्याला कळतं, जांभळी खिडकी जगात नाहीच.

अशा वेळी इतर दुकानांत जवळचा रंग घालून मोकळे होतात. यादीताई तसं कधीच करत नसत. त्यांच्या यादीला शेवटी एक जादा रकाना असे: "विचारले". त्यात ग्राहकाचेच शब्द अवतरणचिन्हांत लिहायचे. मी जुन्या फायली चाळतो तेव्हा अजून हसू येतं. "करड्याऐवजी फिकट करडा: 'चालेल, पोराला कळणार नाही.'" "लाल खिडकी नाही, पांढरी आहे: 'मग खिडकीच नको, भिंत घाला.'" एका ठिकाणी आहे: "'तुम्हीच ठरवा हो ताई, घरी पण सगळं मलाच ठरवावं लागतं.'" आणि त्याखाली, त्यांच्याच अक्षरात: "पुन्हा विचारले. 'बरं, पांढरा.'"

मालक चिडवत, "ताई, इतके प्रश्न पोलीस पण विचारत नाहीत."

"पोलिसांना घर बांधायचं नसतं," त्या म्हणत. "यांना असतं. दार कुठल्या रंगाचं, हे ज्याचं घर त्यानंच सांगायचं."

हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर निदान पन्नास वेळा म्हटलं असेल.

वय बावन्न. अंगानं बारीक, चष्मा दोरीत अडकवून गळ्यात. लग्न केलं नाही. आई गेल्यापासून घरात त्या आणि वडील, दोघंच. वडील बसच्या डेपोत रंगारी होते, चौतीस वर्षं. मोठ्या रस्त्याच्या कडेला त्यांचं छोटंसं घर होतं, पुढे दार, मागे जिना. रस्ता रुंद झाला तेव्हा ते पाडलं. त्याला एकोणीस वर्षं झाली. आता तिथं उड्डाणपुलाचा खांब आहे.

त्या घराचं दार वडिलांनी डेपोतल्या उरलेल्या रंगानं रंगवलं होतं. निळा म्हणावा तर हिरवा, हिरवा म्हणावा तर निळा, असा बसचा रंग. आई म्हणायची, "दारावर तेवढा बसचा नंबर लिहायचा राहिलाय. लिहून टाका, म्हणजे लोक रांग लावतील." वडील दर दोन वर्षांनी तोच रंग पुन्हा लावत.

तीन वर्षांपूर्वी त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गॅस, मग शेजाऱ्यांची नावं. आणि मग एक दिवस संध्याकाळी पावणेसहाला ते उठले, बूट घातले, नाड्या नीट बांधल्या आणि म्हणाले, "चल ठमे, घरी जाऊ."

ठमी म्हणजे यादीताई. लहानपणी गोल गरगरीत होत्या, तेव्हाचं नाव. डेपोची पाळी साडेपाचला सुटायची, त्यामुळे पावणेसहाला त्यांच्या पायांना घर आठवायचं.

"आपण घरीच आहोत, बाबा."

"हे? हे कोणाचंय? चल, उशीर होतो, तुझी आई वाट बघेल."

वाद घालून उपयोग नव्हता. यादीताईंनी एक युक्ती काढली. त्याही चपला घालत, वडिलांचा हात धरत, दोन गल्ल्यांना वळसा घालून परत आपल्याच इमारतीशी येत आणि म्हणत, "आलो बघा घरी." वर्षभर हे चाललं. रोज. म्हणून त्या दुकानातून पाचला निघायच्या, आणि मालकांनी त्यावर कधी शब्द काढला नाही.

मग युक्ती चालेनाशी झाली. वडील इमारतीच्या दाराशी थांबत, दाराकडे बघत आणि म्हणत, "नाही. हे आपलं नाही." एका दुपारी, दिवसा त्यांच्याजवळ बसणारी शेजारीण भाजी घ्यायला गेली तेवढ्यात ते एकटेच निघाले. तीन तासांनी सापडले, चार किलोमीटरवर, त्या उड्डाणपुलाच्या खांबाला टेकून बसलेले. पायात बूट, हातात काही नाही. वाहतूक पोलिसाला विचारत होते, "साहेब, इथलं दार कोणी नेलं?"

दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाचा फोन आला. तो दुसऱ्या शहरात असतो. ताईंचे हात ठोकळे क्रमांकवार लावण्यात गुंतलेले, म्हणून फोन टेबलावर उघडा ठेवला होता आणि मी शेजारीच होतो.

"ताई, मी बाबांसाठी वृद्धांच्या संस्थेत जागा बघून ठेवलीय. चांगली आहे. डॉक्टर आहेत, बाग आहे."

"आणि खोलीला बाहेरून कडी आहे."

"असणारच ना! गाडीखाली आले असते काल."

"मला नाही का कळत?"

"मग ऐक. महिनाअखेरपर्यंत ते जागा धरतील. तोवर त्यांचं संध्याकाळी निघणं थांबलं, तर मी एक शब्द बोलणार नाही, ठेव तुझ्याजवळ. नाही थांबलं, तर मात्र तू एक शब्द बोलायचा नाहीस. कबूल?"

त्यांनी हातातला ठोकळा त्याच्या ड्रॉवरमध्ये टाकला. मग त्या म्हणाल्या, "कबूल."

फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "भाऊ, त्यांना घर हवंय ना. मग देऊया घर."

घराचा नमुना त्यांनी खरं म्हणजे वर्षभर हळूहळू बांधायला घेतला होता, कॉम्प्युटरवर, गंमत म्हणून. मोजमापं वडिलांनाच विचारलेली. ते फुटात-इंचात सांगत नसत, ब्रशात सांगत. "बाबा, पुढची खिडकी केवढी होती?" "माझे चार ब्रश आडवे, आणि बोटभर." चार इंची ब्रशाच्या हिशोबानं आख्खं घर निघालं. आता ते टेबलावर खरोखर उभं करायचं, आणि महिना संपायच्या आत. रोज पावणेसहाला बाबा बूट घालायला लागले की म्हणायचं, हे काय, हे इथंच आहे.

त्या दिवशी त्यांनी यादी काढली, आणि दुसऱ्यांच्या याद्या दुरुस्त करणाऱ्या बाईंची स्वतःची यादी चुकली.

पडद्यावर ठोकळ्यांचा आकडा होता दोन हजार दोनशे चौदा. यादीत आले दोन हजार एकशे त्र्याऐंशी. एकतीस कमी.

त्यांनी सगळं तपासलं. क्रमांक जुळत होते. एकच ठोकळा दोन ओळींत विभागला गेला होता का, पाहिलं. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला, दुसऱ्या कॉम्प्युटरवर यादी काढली. एकतीस ते एकतीसच. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मला म्हणाल्या, "भाऊ, मला दिसत नाहीये. ज्याचं त्याला दिसत नाही."

मला ठोकळ्यांतलं फार कळत नाही, पण बेरीज जुळत नसेल तर काय करायचं ते कळतं. मी म्हटलं, "एकदम नका काढू. खोलीवार काढा. मी लिहितो."

पुढची खोली, पाचशे चाळीस. स्वयंपाकघर, चारशे अठरा. मधली खोली, तीनशे सत्त्याण्णव. माळा, दोनशे पाच. छप्पर, सहाशे तेवीस. प्रत्येक खोली पडद्याशी ताडून पाहिली, प्रत्येक बरोबर. बेरीज केली, दोन हजार एकशे त्र्याऐंशी.

"म्हणजे खोल्यांत काही चुकलं नाही," मी म्हटलं. "मग एकतीस ठोकळे असे आहेत, जे कुठल्याच खोलीत नाहीत. तुमच्या घरात असं काय होतं?"

त्यांनी चष्मा काढला. दोरीवर तो तसाच लोंबकळत राहिला.

"जिना," त्या म्हणाल्या. "मागचा जिना."

स्वयंपाकघराची खिडकी बसवताना जिना आड येत होता, म्हणून त्यांनी तो तात्पुरता दिसेनासा करून ठेवला होता, आणि पुन्हा उघडा करायचा राहून गेला. झाकून ठेवलेले ठोकळे प्रोग्रॅम मोजतो, पण यादीत घालत नाही. "ग्राहकांना हजार वेळा सांगते मी, यादी काढण्याआधी झाकलेलं उघडा," त्या म्हणाल्या. "आणि मी नेमका तोच झाकला."

त्यांनी जिना उघडा केला. नऊ पायऱ्या, अठरा ठोकळे, कठड्याचे तेरा. एकतीस.

"तिसरी पायरी माझी," पडद्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "गृहपाठ झाला नसला की इथं लपून बसायची. बाबा डेपोतून यायचे, पुढच्या दारातूनच ओरडायचे, ठमे! मी इथून ओरडायची, आले! मग ते येऊन टोपी माझ्या डोक्यावर घालायचे. थिनरचा असा वास यायचा त्या टोपीला..." त्यांनी चष्मा परत चढवला. यादी छापायला टाकली.

संख्या जुळली, क्रमांक जुळले. राहिला रंग. आणि रंगात एकच अडचण: दार. तो डेपोचा रंग पडद्यावर अगदी हुबेहूब होता, पण त्या रंगात कारखान्यानं दार कधी काढलेलंच नाही. आमच्याकडे दारं सहा रंगांत. सगळ्यांत जवळचा म्हणजे साधा हिरवा.

महिना संपायला नऊ दिवस होते. मी यादीप्रमाणे साठ्यातून ठोकळे वजा करत होतो, तेव्हा दाराच्या ओळीवर आलो. शेवटच्या रकान्यात त्यांच्या अक्षरात होतं: चालेल. अवतरणचिन्हं नव्हती.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं.

"कोणाला विचारू, भाऊ?" त्या म्हणाल्या. "सकाळी त्यांनी दोनदा दात घासले. आणि दारच आहे. बाकी सगळं तर ब्रश ब्रश मोजून केलंय."

मी मान हलवली आणि दार वजा केलं. एक नग, हिरवं. तेव्हा मी बोलायला हवं होतं.

सहा दिवसांत त्यांनी ते घर उभारलं, दुकान सांभाळून. शनिवारी मालकांच्या गाडीतून आम्ही ते नेलं. मी मागच्या सीटवर, घराखालची फळी मांडीवर धरून. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात खिडकीपाशी एक टेबल मोकळं करून ठेवलं होतं. वडील खुर्चीत बसले होते. उंच, ताठ, बोटांच्या नखांशी अजून रंगाच्या रेघा असाव्यात असं वाटणारे हात.

"बाबा, बघा काय आणलंय."

ते उठले. टेबलाभोवती सावकाश एक फेरी मारली. वाकून खिडकीशी बोट नेलं, चार ब्रश आणि बोटभर. छपरावर तळवा ठेवला.

"काम सुबक आहे," ते म्हणाले. "कोणाचं घर?"

"आपलं, बाबा. रस्त्यावरचं."

ते पुन्हा वाकले. दाराकडे बघितलं आणि हसले, एखाद्या नवशिक्या पोराची चूक दिसावी तसे. "ठमे, हा बाजारातला हिरवा. आपलं दार असं असतं काय?"

मग घड्याळात पाहिलं आणि बूट शोधायला लागले.

सोमवारी त्या कामावर आल्या त्या थेट हिरव्या दारांच्या ड्रॉवरशी गेल्या. एक दार घेतलं, पिशवीत टाकलं. "भाऊ, एक नग माझ्या नावावर," म्हणाल्या. "यादी पुरी करायची राहिलीय माझी. विचारलंच नव्हतं."

त्या संध्याकाळी काय झालं ते त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. घरी गेल्यावर त्यांनी "बाबा" म्हटलंच नाही. बाबा म्हटलं की ते घर कुठंय म्हणून विचारतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्या त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या, मांडीवर कागद घेतला, आणि फोनवर ग्राहकांशी बोलतात त्या आवाजात म्हणाल्या, "नमस्कार काका. ठोकळ्यांच्या दुकानातून आलेय. तुमच्या यादीत एक दार आहे. त्या रंगात ते मिळत नाही. काय करू?"

वडील ताठ बसले. कित्येक महिन्यांत कोणी त्यांना कामाचं काही विचारलं नव्हतं.

"मिळत नाही म्हणजे? मिळणारच नाही," ते म्हणाले. "तो डब्यात येत नाही, बाई. तो करावा लागतो. लिहून घ्या. तीन भाग निळा, एक भाग पिवळा. आणि बोटाच्या टोकावर मावेल इतका काळा. काळा विसरलात तर दार बोंबलेल."

"लिहिलं. आणि ब्रश?"

"आधी दार बघू द्या, मग ब्रश सांगतो."

रंग त्यांनी आणूनच ठेवले होते. वडिलांनी ते बशीत कालवले, खिडकीच्या काचेवर थेंब लावून उजेडात पाहिला, पुन्हा थोडा पिवळा घातला. दार चिमटीत धरलं. चहाचं नाव विसरणाऱ्या माणसाचा हात जराही हलला नाही. दोन फटकाऱ्यांत एक बाजू, दोन फटकाऱ्यांत दुसरी. कडेला थेंब जमला तो नखानं उचलला. आमच्या धंद्यात ठोकळा रंगवणं म्हणजे घोर पाप मानतात. यादीताईंनी स्वतः कितीतरी ग्राहकांना त्यावरून झापलेलं मी ऐकलंय.

"वाळू द्या," वडील म्हणाले. "उद्यापर्यंत हात लावायचा नाही. घाई केलीत तर बोट उमटेल, बाई." आणि त्या संध्याकाळी बूट न घालताच ते झोपले.

"मला बाई म्हणाले रात्रीपर्यंत," त्या मला सांगत होत्या. "बरं वाटलं ऐकून. इतक्या आदरानं बोलत होते." मग म्हणाल्या, "भाऊ, आज पाचला माझ्याबरोबर याल? दार बसवायचंय. एकटीनं बघवायचं नाही मला."

मी गेलो. दार वाळलं होतं. मला त्यातलं कळत नाही, पण असा रंग आमच्या चार हजार ड्रॉवरांत नाही, एवढं मी सांगू शकतो. यादीताईंनी हिरवं दार उपटून काढलं आणि हे बसवलं. ते बसताना टक् असा बारीक आवाज झाला.

पावणेसहा वाजले. वडील खुर्चीतून उठले, बुटांकडे निघाले, आणि टेबलाशी थांबले.

खिडकीतून उतरता उजेड येत होता तो बरोबर त्या दारावर पडला होता. ते बघत राहिले. मग त्यांच्या खांद्यांतून काहीतरी उतरल्यासारखं झालं. त्यांनी खुर्ची ओढली, टेबलापाशी, दाराच्या अगदी समोर बसले आणि एक लांब श्वास सोडला. दिवसभर उभं राहून काम केलेला माणूस घरी आल्यावर सोडतो तसा.

"आलो एकदाचा घरी," ते स्वतःशीच म्हणाले.

यादीताईंनी माझा हात घट्ट धरला. त्यांचे डोळे भरले होते, पण त्या हसत होत्या. मी मनात तारीख मोजली. महिना संपायला एक दिवस होता.

मग वडिलांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर फार कृतज्ञता होती.

"बाई, तुमचे उपकार झाले. पोचवलंत मला. आता तुम्ही निघा, तुमच्या घरचे वाट बघत असतील."

"मी... मी थांबते थोडं."

"कशाला त्रास? माझी मुलगी आहे ना घरात. ठमी. मागच्या जिन्यावर बसली असेल, गृहपाठ केला नसेल." ते हसले, टेबलाच्या कडेशी वाकले, आणि त्या ठोकळ्यांच्या नऊ पायऱ्यांच्या दिशेनं, आवाज जरा चढवून, हाक मारली, "ठमे!"

यादीताईंच्या तोंडातून आपोआप आलं, "आले!"

त्यांनी वळून पाहिलं नाही. ते तिसऱ्या पायरीकडे बघत होते, आणि जे ऐकू आलं ते तिथूनच आलं असं त्यांना वाटलं असावं, कारण समाधानानं मान हलवून ते म्हणाले, "बघा, म्हटलं नव्हतं? आहे ती. निघा तुम्ही, बाई. अंधार पडायच्या आत पोचा."

दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा आवाजात थोडी भीती आली, की ही परकी बाई जात का नाही. तेव्हा यादीताईंनी चपला घातल्या.

वडिलांजवळ शेजारीण येऊन बसली. आम्ही खाली उतरलो. त्या चालायला लागल्या, मी बरोबर. पहिली गल्ली, दुधाचं दुकान, वळण, दुसरी गल्ली. हा रस्ता त्यांच्या पायांनाच माहीत होता.

"मीच केलं हे," वळणावर त्या म्हणाल्या. "मुलगी म्हणून विचारलं असतं तर? ग्राहक करून विचारलं. ग्राहकाला दुकानातली बाई कोण लागते?"

"आजार आहे, ताई. आज ना उद्या झालंच असतं."

"असेल. दोन्ही असेल." मग दुसऱ्या गल्लीत शिरताना म्हणाल्या, "पण भाऊ, घरी आहेत ते. मी बघितलं. घरी आहेत."

भावानं शब्द पाळला. वडील त्यानंतर एकदाही बाहेर पडले नाहीत, आणि संस्थेतली जागा दुसऱ्या कोणाला गेली. त्या घराची यादी यादीताईंनी इतर याद्यांच्या फायलीतच लावली. साठा ताडताना मी ती पाहिली. दाराच्या ओळीतला "चालेल" खोडला होता आणि पुढे लिहिलं होतं: "'तीन भाग निळा, एक भाग पिवळा, बोटाच्या टोकावर मावेल इतका काळा.'" जिन्याची ओळ साधी होती, एकतीस नग, करडा, त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. तरी शेवटच्या रकान्यात अवतरणचिन्हांत दोनच शब्द होते: "'आहे ती.'"

अजूनही त्या पाचला निघतात. पावणेसहाला वडील टेबलापाशी बसतात, दार बघतात, आणि बाईंचे आभार मानून त्यांना निरोप देतात. यादीताई चपला घालतात, दोन गल्ल्यांना वळसा घालतात, आणि परत येऊन स्वतःच्या घराची बेल वाजवतात. किल्ली असते जवळ, पण वाजवतात. आतून वडील विचारतात, "कोण?"

त्या म्हणतात, "मी, बाबा."

कधी ते म्हणतात, "ठमे, आलीस?" बहुतेक वेळा म्हणतात, "मी कोण?"